विषही नको, कीडही नको

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय तेजस्वी,

सगळ्यात आधी एवढं वाच आणि मग खाली बस. तुझा भाऊ सौरव जिवंत आहे. शुद्धीवर आहे, बोलतो आहे, काल त्यानं चार चमचे पेज घेतली आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरही केली. तू फोन उचलत नाहीस. मी केला, मार्तंडांनी केला, शाल्मलीनं तिच्या फोनवरून केला, आणि आता तर तुझा फोन बंदच लागतो. सदलग्याच्या काकांनी तुला काय सांगितलं ते मला त्यांच्याच तोंडून कळलं. "सौरवनं औषध प्यालं" एवढं एक वाक्य, त्याला जोडून "तुझी वाटणीची नोटीस आल्यापासनं पोरगं खचलंतं", आणि वर "तू काय आता येऊ नको, तुला बघून त्याला आनी तरास व्हायचा." हे ऐकल्यावर तू पुढचं काही ऐकलंच नसणार. तुझा स्वभाव मला कॉलेजपासून ठाऊक आहे, एकदा दार लावून घेतलंस की आतून कडी. म्हणून हे पत्र. काका तिथं नव्हते, मी होते. त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

मुळापासून सांगते, कारण नुसता शेवट सांगितला तर तो तुला खरा वाटणार नाही. तू पुण्याला गेलीस तेव्हा आपण गणपत गल्लीत भाजी घेताना मेथी ताजी आहे का आणि जुडी मोठी आहे का, एवढंच बघायचो. आता आमच्या बेळगावात काय झालंय ते येऊन बघ. मॉलमध्ये एक अख्खी भिंत हिरव्या स्टिकरांची. गूळ काळा दिसला की ऑर्गॅनिक, तांदूळ तांबडा दिसला की ऑर्गॅनिक, अंडं जरा मळकट असलं की गावठी. मी त्या भिंतीसमोर चष्मा लावून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत उभी राहायची आणि मार्तंड मागून विचारायचे, "तुला भाजी खायचीय की स्टिकर?" मग मी मॉल सोडला आणि बाजारात बसणाऱ्या बायकांकडे वळले. तिथं प्रत्येकीचीच भाजी "गावठी हाय बाई, बिनऔषधाची". एकीच्या पाठीमागं मार्केट यार्डातून आलेले क्रेट सरळ दिसत होते, तरी ती पोराबाळांच्या शपथा घेत होती. शेवटी मी माझाच एक नियम काढला. पानाला भोक असेल तरच घ्यायचं. किडीला पचलं ते आपल्यालाही पचेल, हा माझा हिशेब. भोकं शोधून शोधून भाजी घेणारी ही बाई बघून बाजार माझ्याबद्दल काय बोलत असेल ते देव जाणे.

अशात तुझा भाऊ पुण्याची नोकरी सोडून परत आला. कोगनोळीच्या अलीकडं, हायवे सोडून आत, तुमच्या त्या काळ्या रानात त्यानं तंबाखू बंद केली तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं होतं, हे तुला मी सांगायला नको. तुमच्या घरात तंबाखूला लक्ष्मी म्हणायचे. आजोबांच्या कमरेला चंची, तुझ्या बाबांच्या खिशात पुडी, आणि सौरव मात्र सुपारीच्या खांडालाही हात न लावणारा. मला म्हणाला होता, "पद्माक्का, मानसाच्या ताटात पडंल असं कायतरी पिकवायचं हाय मला." एवढ्या एका वाक्यावर मी भाळले. मी त्याची पहिली गिऱ्हाईक. मग आमची इमारत, मग कॉलनी, मग शाल्मलीच्या मैत्रिणींच्या आया. फोनवर आमचा ग्रुप झाला, "विषमुक्त ताट". नाव माझंच. निपाणीहून सकाळच्या बसनं पोती यायची आणि आमच्या पोर्चमध्ये वाटप व्हायचं. मार्तंडांचे अशील येऊन वांग्यांच्या ढिगाशेजारी बसायचे आणि जाताना अर्धा किलो घेऊन जायचे.

महिन्यातून एक रविवार शिवारफेरी असायची. गिऱ्हाइकांनी गाड्या काढून रानात जायचं, वाफे बघायचे, तुझ्या आईच्या हातचं झुणका-भाकर खायचं. आणि जेवणाआधी सौरवचा तो खेळ. ताक-गुळाचं पाणी, लसूण-मिरचीचा अर्क, कडुनिंबाचा काढा, जे जे तो पिकावर मारायचा ते ते मगात घेऊन आमच्यासमोर घोटभर प्यायचा. "जे मला पिता येत न्हाय, ते मी पाल्यावर टाकत न्हाय," हे त्याचं ब्रीद. कडुनिंब पिताना त्याचं तोंड असं काही व्हायचं की आम्ही पोट धरून हसायचो आणि टाळ्या वाजवायचो. इतर शेतकऱ्यांकडे कागदाचं सर्टिफिकेट असतं, आमच्या सौरवचं सर्टिफिकेट म्हणजे त्याचा घसा, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगायची. हे तू नीट लक्षात ठेव, कारण काकांना यातलं काही माहीत नाही. फवारा पिऊन दाखवणं ही त्याची नेहमीची रीत होती.

पण शहरातल्या माणसाची हौस किती टिकणार? सुरुवातीला भोक पडलेलं पान बघून "अय्या, खरंच ऑर्गॅनिक" म्हणणाऱ्या बायका हळूहळू फोटो टाकायला लागल्या. फ्लॉवरमध्ये अळी, वांग्यात अळी, कोबीवर माव्याची कीड. एकीनं अळीभोवती लाल गोल काढून फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आम्ही शाकाहारी आहोत." मला हसू आलं, पण सौरवला ते लागलं. एकेक घर गळायला लागलं. मला फोनवर म्हणाला, "पद्माक्का, लोकास्नी विषबी नको आनि कीडबी नको. मग किडीनं जायचं कुठं?" मी त्याला धीर धर म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर थोड्याच दिवसांत भाजी अशी यायला लागली की बघत राहावं. मेथीला ओरखडा नाही, कोथिंबीर टवटवीत, पालकाचं पान न पान अखंड. ग्रुपवर नुसता कौतुकाचा पाऊस. माझा तो भोकांचा नियम मी कधी विसरले ते मला कळलंही नाही. सौरवनं ग्रुपवर टाकलं होतं, "पानावर विष नाही, पोत्यातून काढून तशीच खा." आणि आम्ही तशीच खात होतो.

मग तो शनिवार. शाल्मली रोज सकाळी पालक-कोथिंबिरीचा कच्चा रस पिते, कॉलेजच्या सगळ्या पोरींचं ते खूळ आहे. त्या दिवशी पोतं आलं, तिनं त्यातूनच मूठभर काढलं, मिक्सरमध्ये फिरवलं आणि उभ्या उभ्या प्यायली. मी पोळ्या लाटत होते. वळून बघते तर पोरीच्या तोंडातून लाळ गळतेय, चेहरा पांढराफटक, आणि ओट्याला धरलेले हात लटालटा कापताहेत. मग उलट्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. रिक्षातून तिला नेताना मी काय बडबडत होते ते मला आठवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, फवारलेलं काही खाल्लंय का? मी त्या स्थितीतही त्यांच्याशी भांडले, आमच्याकडे ऑर्गॅनिकशिवाय काही येत नाही म्हणून. ते म्हणाले, "बाई, तिच्या पोटाला ते ठाऊक नाही." संध्याकाळपर्यंत पोरगी सावरली. पण ग्रुप उघडून बघते तर आणखी दोन घरांत तेच, उलट्या आणि चक्कर. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात एकच विचार आला, की सौरवनं गुपचूप बाजारचं औषध मारायला सुरुवात केली. मला इतका संताप आला की शाल्मली आजारी आहे हेही मी क्षणभर विसरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन गाड्या काढून थेट रानात गेलो. न कळवता. सौरव बांधावरून हसत आला, आणि शाल्मलीचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. मी शिव्या देत होते आणि तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "आता कशी हाय ती? खाल्लं का तिनं कायतरी?" आमच्यात एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, त्यांच्या घरी सून आजारी पडली होती. त्यांनी आवाज चढवला. मग मीही म्हटलं, खरं सांग, कुठलं औषध मारलंस? त्यानं कानाला हात लावले. "बाजारचं एक थेंब न्हाय, पद्माक्का. आईची आन." आणि तो आम्हाला शेडमध्ये घेऊन गेला. तिथं एक पिंप होतं, त्यात तपकिरी पाणी. तुझ्या बाबांच्या वेळची तंबाखूची पोती माळ्यावर पडून होती ना, त्यातला चुरा भिजवून, उकळून केलेलं. "आजा मिरचीच्या रोपांवर मावा पडला की हेच मारायचा. आपल्या घरचंच हाय की ह्ये. परवा सांजच्याला पालकावर मावा दिसला म्हनून मारलं आनि काल पहाटं काढनी केली."

आता ऐक, मला अजून ज्याचा धक्का पचत नाही ते. तंबाखूचं पाणी हे ऐकल्यावर मला हायसं वाटलं. इतकी शिकलेली माणसं आम्ही, त्यात एक शिक्षिका मी, आणि आमच्यातल्या एकाच्याही मनात पाल चुकचुकली नाही. झाडाचं आहे, घरचं आहे, आजोबांचं आहे, म्हणजे चांगलंच असणार. आजोबा ते रोपांवर मारायचे, आणि त्या रोपाला मिरची लागून ती कुणाच्या ताटात पडेपर्यंत किती पाऊसपाणी होऊन जायचं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बँकवाले गृहस्थ तेवढे कुरकुरले, की हे चांगलं आहे कशावरून? हे पाणी सुरू केल्यापासून फेरी झालीच नव्हती, त्यामुळं त्याचा घोट व्हायचा राहिला होता. कुणी त्याला पी म्हटलं नाही. माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगते, कुणीही म्हटलं नाही. त्यानं दर फेरीला करायचा तसा तो प्लास्टिकचा मग उचलला, फवारणीच्या पंपात भरण्यासाठी तेच पाणी पातळ करून ठेवलेल्या बादलीत बुडवला आणि दोन मोठे घोट घेतले. "जरा झणझणीत हाय," म्हणाला आणि हसला. एकानं तर टाळीसाठी हात उचलले होते.

त्याचं हसू तोंडावरच राहिलं आणि कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. "पद्माक्का, मळमळतंय गं," म्हणाला. मग तोंडातून लाळ, अगदी शाल्मलीसारखी, आणि तो गुडघ्यावर बसला, मग आडवाच झाला. उलट्या, अंगाला झटके, डोळे कुठंतरी वर. तुझी आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन धावत आली आणि तिला वाटलं ऊन लागलं, म्हणून ती त्याच्या डोक्यावर पाणी मारत राहिली. आम्ही त्याला गाडीत घातलं. निपाणीत पोट धुतलं, तिथून बेळगावला आणलं, श्वासाला मशीन लावलं. डॉक्टर म्हणाले, उलट्या झाल्या म्हणून वाचला, आणि पिंपातलं घट्ट पाणी न पिता बादलीतलं पातळ प्याला म्हणून वाचला. तोंडात पुडी धरणाऱ्याला कदाचित थोडं सोसलं असतं, याच्या अंगाला तंबाखूची सवयच नाही. उलटी छातीत गेल्यामुळं पुढं न्यूमोनिया झाला, म्हणून अजून घरी सोडलेलं नाही. डॉक्टरांनी विष तंबाखूचंच आहे असं सांगितलं तेव्हा तुझ्या आईनं त्यांना मध्येच थांबवलं. "काय बोलतासा डाक्टर? तंबाखूनं भरलेल्या खोलीत बाळंत झाले मी. उशाला तंबाखू, पायथ्याला तंबाखू. ती विष असती तर आमी जगलो असतो व्हय?" तंबाखूत जन्मलेल्या माणसांखेरीज असा विश्वास दुसऱ्या कुणाचा असेल गं?

आमची गाडी निपाणीला पोचायच्या आत गावात बातमी फिरली होती. रानात तरणा पोरगा, शेजारी बादली, तोंडाला फेस. गावाला आणखी काय लागतं? शेतकऱ्याच्या पोरानं फवारणीचं पाणी प्यालं म्हणजे ते मरायलाच, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. मग कारणं शोधणं आलं. कुणी म्हणालं लग्न जमत नव्हतं, कुणी म्हणालं नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप, आणि सगळ्यांना आवडलेलं कारण म्हणजे पुण्याच्या बहिणीची वाटणीची नोटीस. तेजू, त्या नोटिशीबद्दल मी सौरवला आधीच विचारलं होतं. तो तुझ्यावर रागावला होता, नाही असं नाही. "फोन केला असता तर दिलं नसतं काय? वकिलाची भाषा कशाला?" पण पुढच्याच दमात म्हणाला, "मागती ते तिचंच हाय. वाटणी झाली की आक्काचा तुकडा मीच खंडानं करनार, सालाचं भाडं देऊन. बहिणीला खंड द्यायचा म्हंजे आता भेंडीचा भाव वाढवाय पायजे." आणि स्वतःच खो खो हसला. मरायला निघालेला माणूस पुढच्या हंगामातल्या भेंडीचा विचार करत नाही.

यापुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. सौरव मशीनवर होता आणि गावातली ती अफवा आमच्या ग्रुपवर पोचली. मला वाटलं लोक हळहळतील. हळहळले, एक-दोन ओळी. आणि मग सुटकेचा निःश्वास. "म्हणजे त्याच्या घरचा प्रश्न होता तर. भाजीचा संबंध नव्हता." "मला वाटलंच, भाजी चांगलीच होती." आजारी पडलेल्या घरांनी बाहेरच्या पाणीपुरीवर खापर फोडलं. एका बाईनं हात जोडल्याचं चित्र टाकून विचारलं, पुढचं पोतं कधी येईल? आमच्याबरोबर रानात आलेली माणसंही गप्प होती. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण अफवाच त्यांना सोयीची होती. आपण पैसे मोजून विष खाल्लं यापेक्षा एक पोरगा जिवाला कंटाळला हे पचायला सोपं. मी आजवर इतकी हादरले नव्हते, शाल्मलीला उलट्या झाल्या तेव्हाही नाही.

पण खरा धक्का पुढंच होता. सौरव बोलायला लागल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. मी खाटेच्या पायाशी उभी होते. तो कन्नडमध्ये विचारत होता आणि सौरव कन्नडमध्येच सांगत होता, की घरगुती कारणावरून मनस्ताप झाला, रागाच्या भरात प्यालो, कुणाविरुद्ध तक्रार नाही. आधी मला वाटलं ग्लानीत बोलतोय. हवालदार गेला आणि मी त्याच्यावर तुटून पडले, अरे खोटं का सांगितलंस? त्यानं डोळे मिटून घेतले. म्हणाला, "पद्माक्का, लोक मला भित्रा म्हनूद्यात, खुळा म्हनूद्यात. माज्या भाजीला कुनी विषारी म्हनाय नको." आणि मग, "तंबाखू सोडून भाजी लावली तर ह्यो बघा काय करून बसला, असं गाव म्हनंल. पुन्यांदा कोन लावंल?" स्वतःच्या माथ्यावर एवढं घेऊन तो शांत पडला होता, जणू सगळं मार्गी लागलं. मी म्हटलं, आणि तेजस्वी? काकांनी तिला तिच्या नोटिशीचं नाव घेऊन सांगितलंय. तो ताडकन उठायला गेला, नळ्या ओढल्या गेल्या, नर्स धावली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. रडला, तेजू. लहान असताना तू हॉस्टेलला निघालीस की रडायचा तसा. आणि रडून झाल्यावर काय म्हणाला ठाऊक आहे? "एवढी सुगी जाऊ दे, मग मीच पुन्याला जाऊन आक्काला सांगतो." पालकाची भाजी आणि बहीण यांच्यात त्यानं भाजी निवडली होती.

मी सुगीपर्यंत थांबणार नव्हते. घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं, पिंपापासून मगापर्यंत, आणि फ्रीजमध्ये उरलेली भाजी फेकून द्या म्हणून सांगितलं. निम्मे लोक ग्रुप सोडून गेले. काहींनी त्याला शिव्या दिल्या, काहींनी मला, आणि एकीनं विचारलं, मिठाच्या पाण्यात धुतली तर चालेल का? मार्तंडांनी रानात जाऊन ते पिंप, उरलेली पोती सगळं ताब्यात घेतलं, शेतकी अधिकाऱ्याला विचारून त्याची वाट लावली. तुझ्या आईनं काही आडकाठी केली नाही, पण अजूनही ती मान हलवत असते. जबाब बदलता येतो असं मार्तंड म्हणतात, सौरव तयार झाला तर. तो सध्या माझ्याशी बोलत नाही. मी गेले की भिंतीकडं तोंड करतो. मी डबा ठेवते आणि येते. पेजेत मीठ कमी असल्याचंही त्यानं नर्सला सांगितलं, मला नाही.

आज सकाळी पुण्याहून तुझं पाकीट आलं. एका ओळीची चिठ्ठी नाही, नुसतं स्टॅम्पपेपरवरचं हक्कसोडपत्र, मार्तंडांनी नोंदवून घ्यावं म्हणून. खाली तुझी सही. कॉलेजच्या हजेरीपटावर आडवीतिडवी पसरायची ती तुझी सही इतकी लहान आणि इतकी सरळ मी कधी पाहिली नव्हती, आणि ती बघून मला रडू कोसळलं. तो कागद या पत्रासोबत परत पाठवते आहे. सौरवला तो दाखवलेला नाही, दाखवणारही नाही. हिस्सा तुझा आहे. माग, भांड, नाही तर सोड, पण तू भावाच्या जिवावर उठलीस असं समजून सोडू नकोस. तुझ्या नोटिशीनं त्याला राग आला, बस्स, तेवढंच. त्यानं जे प्यालं ते त्याला विष वाटलंच नाही, तेजू, आणि हे मी कुठल्याही कोर्टात हात वर करून सांगेन. काकांचं ऐकू नकोस. पहिली मिळेल ती गाडी पकड आणि सरळ दवाखान्यात ये. सुगी होईस्तोवर तो तुझ्यासमोरही तेच घोकलेलं खोटं सांगेल. त्याला बोलू देऊ नकोस.

तुझी वाट बघत दारातच उभी असलेली, तुझीच,
पद्मजा